वासोट्याच्या पायथ्याशी पाच तास

सुट्टीत कुठं जायचं, यावर आमच्या घरी दरवर्षी महिनाभर चर्चा होते आणि शेवटी आम्ही गणपतीपुळ्याला जाऊन संध्याकाळी घरी परत येतो! रत्नागिरीत राहणाऱ्यांचं हे असंच. समुद्र दारात, त्यामुळे सगळे पाहुणे आमच्याकडे येणार, आम्ही त्यांना भाट्याची वाळू आणि थिबा पॅलेस दाखवणार, आणि आमची स्वतःची सहल मात्र पुढच्या वर्षावर जाणार. पण या वेळी मुलांनी हट्टच धरला. त्यांच्या वर्गातल्या कुणीतरी तंबूत रात्र काढली होती म्हणे. मग काय, तंबू पाहिजे, जंगल पाहिजे, शेकोटी पाहिजे, आणि हे सगळं डोंगरावर पाहिजे.

ह्यांनी आठ दिवस नकाशे पाहून वासोटा ठरवला. साताऱ्याकडून कासचं पठार ओलांडून बामणोलीला जायचं, तळ्याकाठी तंबूत मुक्काम करायचा, सकाळी बोटीनं शिवसागर जलाशय पार करून पलीकडच्या जंगलात शिरायचं आणि किल्ला चढायचा. हे जंगल म्हणजे कोयना अभयारण्य. १९८५ साली ते जाहीर झालं, २०१० साली शेजारच्या चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं, आणि २०१२मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यांतही त्याचं नाव आहे. किल्ल्यावर पूर्वी लोक मुक्काम करत. आता तशी परवानगी नाही, संध्याकाळच्या आत बोटीनं परत यावं लागतं. पावसाळ्यात तर वाट बंदच असते. तेव्हा तंबू अलीकडच्या काठावर आणि जंगल पलीकडच्या, अशी मुलांची समजूत घातली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण एका रात्री जेवणं झाल्यावर ताटं उचलता उचलता सासूबाई म्हणाल्या, "मीपण येते."

आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. आई बहात्तर वर्षांच्या. गुडघे असे की देवळाच्या चार पायऱ्यांनाही त्या माझा हात धरतात. प्रवासाची त्यांना मुळीच हौस नाही. लेकाकडे मुंबईला चला म्हणून दीर किती बोलावतात, तर "पावसानंतर बघू" हे उत्तर ठरलेलं. ह्यांनी समजावून पाहिलं. "आई, तिथं तंबूत झोपायचंय." तर म्हणाल्या, "झोपीन की. आपण काय सर्कशीतले नाही, पण एक रात्र चालेल." पुढं कुणाची काही बोलायची टाप नव्हती!

आई मूळच्या कोयनेकडच्या, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यांच्या पेटीत धरणग्रस्ताचा दाखला आहे, तोही मी पाहिला होता. पण आमच्या दृष्टीनं त्यांचं माहेर म्हणजे चिपळूण तालुक्यातली वसाहत. तिथंच त्या वाढल्या, तिथूनच लग्न होऊन आल्या. त्याआधीचं त्या कधी बोलल्या नाहीत, आणि संसाराच्या रगाड्यात विचारायचं आम्हालाही सुचलं नाही.

तयारीचं थोडं सांगते, कारण मैत्रिणी आधी तेच विचारतात. दशम्या दुधातल्या केल्या, त्या दोन दिवस मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं गोड लोणचं, भडंग, आणि मुलांसाठी गुळपापडीच्या वड्या. दही-ताकाच्या भानगडीत पडू नये. पाण्याच्या बाटल्या स्टीलच्या घ्याव्या, कारण वनखात्याच्या चौकीवर पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात. मला ते फार आवडलं. नाहीतर आपल्याकडे सुंदर जागा दिसली की आधी वेफर्सची पिशवी पडते. साडीचा हट्ट धरू नका. पूर्ण पायाची सलवार, लांब बाह्या आणि पकड असलेले बूट, एवढं पुरे. डिसेंबरअखेरची थंडी तळ्याकाठी रत्नागिरीकरांना झेपत नाही, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि जाड चादर हवीच. आणि आपल्या बायकांची जी एक अडचण असते, ती आधीच उरकून घ्यावी, कारण चढाच्या वाटेवर तशी सोय नाही. हे कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आम्ही पहाटे निघालो. चिपळूण मागं टाकून कुंभार्ली घाट चढलो. घाटाच्या पायथ्याशी पोफळी आहे. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून इकडे आणतात, त्यावर वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीला सोडतात. नदी खरी पूर्वेला वाहणारी, कृष्णेला मिळणारी. पण तिचं बरंचसं पाणी आपल्या कोकणात उतरतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यात भूगोलही येतो. कोयना ही महाराष्ट्राची काय आहे, तर 'भाग्यरेषा', हे रिकाम्या जागेतलं उत्तर मुलांकडून दरवर्षी घोकून घेते. गाडीत मुलानं तेच मोठ्यानं म्हणून दाखवलं. आई खिडकीबाहेर पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत.

कोयनानगर, पाटण, उंब्रज, सातारा, कास असं करत दुपार टळताना बामणोलीला पोचलो. पहिल्यांदा तळं दिसलं तेव्हा मुलं ओरडलीच. समुद्र रोज पाहणाऱ्या मुलांना पाण्याचं काय एवढं! पण हे पाणी वेगळं. त्याला ना लाट ना गाज. डोंगरांच्या प्रत्येक घडीत ते शिरलेलं, हिरवं, गप्प. आई गाडीतून उतरल्या आणि पदर सारखा करून काठावर उभ्या राहिल्या. "लई वाढलंय," एवढंच म्हणाल्या. 'खूप' नाही, 'लई'. चाळीस-पंचेचाळीस वर्षं रत्नागिरीत राहून आमच्यासारखंच बोलणाऱ्या माझ्या सासूबाईंच्या तोंडून तो शब्द मी प्रथमच ऐकला.

तंबूतल्या रात्रीचं फार सांगण्यासारखं नाही. शेकोटी झाली, मुलांची हौस फिटली, पलीकडच्या तंबूतल्या तरुण मंडळींनी अकरापर्यंत गाणी लावली, तेव्हा ह्यांनी जाऊन नम्रपणे सांगितलं आणि त्यांनी बंदही केली. मग जी शांतता पसरली, तिची मला थोडी भीतीच वाटली. चांदण्या इतक्या खाली आलेल्या मी लहानपणी आजोळी पाहिल्या होत्या, त्यानंतर आत्ताच. मध्यरात्री जाग आली तर आईंचं अंथरूण रिकामं. बाहेर पाहिलं, तर शाल गुंडाळून त्या पाण्याकडे तोंड करून बसलेल्या. "आई, बाधेल हो थंडी," म्हटलं. "झोप तू. मला जागा नवी नाही," म्हणाल्या.

सकाळी बोट ठरवली. बोट चालवणारा पोरगेला होता, पण त्याचे सत्तरीच्या घरातले वडीलही उगीच सोबत म्हणून बसले होते. डोक्याला टोपी, अंगात विणलेला गळाबंद स्वेटर. तासाभरापेक्षा जास्त वेळ पाण्यातून जायचं. दोन्हीकडे जंगलानं भरलेले डोंगर, मधे आम्ही. पलीकडे मेट इंदवलीला उतरलो, वनखात्याच्या चौकीवर नावं लिहिली, पिशव्या दाखवल्या. आईंना तिथंच झाडाखाली सतरंजी घालून दिली, डबा दिला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. ह्यांना काळजी, पाच-सहा तास आई एकट्या कशा बसतील? तर ते म्हातारे म्हणाले, "जावा तुमी बिनघोर. मी हाय हितं."

आता किल्ल्याबद्दल. वाट सुरुवातीला सोपी आहे, ओढ्याकाठी मारुती-गणपतीच्या मूर्ती लागतात, तिथं पाणी भरून घ्यावं. मग चढ लागतो तो संपत नाही. पण ऊन मात्र लागत नाही. झाडी इतकी दाट, की खाली फक्त उन्हाचे कवडसे सांडलेले असतात. हिरडा, जांभूळ, अंजनी, आणि जिकडेतिकडे कारवी. एका ठिकाणी शेकरू दिसलं. आपला राज्यप्राणी म्हणून पुस्तकात ज्याचं चित्र दाखवते, ते तांबूस, झुबकेदार शेपटीचं जनावर फांदीवरून फांदीवर असं काही गेलं की माझी धाकटी अर्धा तास तोंड मिटायला तयार नव्हती. गव्याच्या पायाचे ठसे चिखलात दिसले. वाघ दिसेल का, असं मुलगा दर दहा पावलांना विचारत होता. या गडाचं शिवाजी महाराजांनी व्याघ्रगड असं नाव ठेवलं होतं, तेवढ्यावर त्याची समजूत काढली.

वर पोचायला आम्हाला तीन तास लागले. मारुतीचं देऊळ आहे, महादेवाचं आहे, वाड्याचे चौथरे आहेत, पाण्याची टाकी आहेत. आपल्या राजापूरच्या वखारीतले इंग्रज महाराजांनी पकडले, त्यांतल्या काहींना इथं आणून ठेवलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातून या रानात येऊन पडलेल्या त्या साहेबांचं काय झालं असेल! पण मला जास्त जवळची वाटली ती ताई तेलीण. पेशवाईच्या उतरत्या काळात, १८०६च्या सुमाराला, पंतप्रतिनिधी पेशव्यांच्या कैदेत पडले, तेव्हा या बाईनं वासोटा धरून ठेवला. समोर बापू गोखल्यांसारखा सेनापती. तरी आठ महिने ती नमली नाही. शेवटी गडावरच्या धान्याच्या कोठाराला आग लागली आणि किल्ला गेला. तोफांनी नाही, कोठी जळाली म्हणून! ज्या बाईनं घर चालवलंय, तिला यात काही सांगायला नको. तिनं रोज सकाळी त्या कोठारात जाऊन किती पोती उरली हे मोजलं असेल, हे मला अगदी डोळ्यांपुढं दिसलं. इतिहासात हे मोजणं कुणी लिहीत नाही.

पश्चिमेच्या कड्यावर गेलो. बाबू कडा म्हणतात तो तर पाहूनच पोटात गोळा येतो. सरळ तुटलेला काळा पहाड, खाली दरीत नुसतं रान. पलीकडे उतरत गेलेलं कोकण. आमच्याबरोबर चढणाऱ्या एका माहीतगार गृहस्थांनी बोट दाखवलं, "ती नागेश्वराची बाजू. तिकडून वाट खाली चोरवण्याला उतरते." चोरवणे म्हणजे खेड तालुका, म्हणजे आपला रत्नागिरी जिल्हा! आयुष्यभर मी सह्याद्री खालून पाहिला. संध्याकाळच्या वेळी दिसणारी निळी रेघ. तिथून आपला मुलूख असा उलटा पाहताना काहीतरीच वाटलं. धुक्यात सगळं पुसट. एवढ्या उंचावरून माणसं डोक्यावर ओझी घेऊन कशी उतरत असतील, असं मी ह्यांना म्हटलंसुद्धा. महाशिवरात्रीला कोकणातले लोक चढून नागेश्वराला येतात, असं त्या गृहस्थांनी सांगितलं.

उतरून आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आई झाडाखाली नव्हत्या. माझ्या काळजात धस्स झालं. पाहते तर पन्नासेक पावलांवर, कारवीच्या जाळीत, त्या आणि ते म्हातारे बाबा कंबरेत वाकून काहीतरी शोधत होते. आईंच्या हातात काठी. गुडघ्यांचं नाव नाही!

"हितं उखळ असंल बगा आक्का, वळचणीच्या अंगाला," बाबा म्हणत होते.

"न्हाई वो, आमची वाडी वरल्या अंगाला व्हती. ही दुसऱ्यांची जागा," आई म्हणाल्या.

मी तशीच थांबले. पाच तासांत त्यांनी एकमेकांची सगळी नाती शोधून काढली होती. बाबांची आत्या आईंच्या वाडीत दिली होती. कुणाचं कोण कुठं गेलं, याचा हिशोब चालला होता. कोण खाली चिपळूण-खेडला, कोण रायगडात, कोण ठाण्याकडे, कोण पार सोलापूरच्या माळावर. पावसात जन्म काढलेली माणसं सोलापूरला कशी राहिली असतील! शंभराच्या आसपास गावांना या पाण्यासाठी उठावं लागलं. धरण १९६४ साली पुरं झालं. पण जमिनीसाठी, साध्या सोयींसाठी यांतल्या कित्येकांना पन्नास-साठ वर्षांनंतरही आंदोलनं करावी लागली, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. बाबांच्या घरचे कुठंच गेले नाहीत. पाणी वर चढलं तसे तेही काठावर वर सरकले. शेती बुडाली, मग बोट आली. नंतर अभयारण्य झालं, तेव्हा रानातला लाकूडफाटाही गेला.

जिथं ते उभे होते, तिथं एक जोतं होतं. दगड नीट घडवलेले, कोपरा अजून काटकोनात. मधून झाडं आलेली. सकाळी याच वाटेनं आम्ही "किती निर्मनुष्य जागा आहे" असं म्हणत गेलो होतो. आता एकदा नजर बसल्यावर मला घरच घर दिसू लागलं. इथं ओटा, इथं मोरी असणार कारण उतार इकडे आहे, आणि मागं तो म्हातारा आंबा आपोआप उगवलेला नाही, परसात लावलेला आहे. बाईच्या डोळ्यांना हे कळतं. त्यासाठी पुस्तक लागत नाही.

परतीच्या बोटीत आई बोलत होत्या. मुलांना सांगत होत्या खरं, पण ह्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं. त्या तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. जायच्या दिवशी त्यांच्या आईनं पहाटे उठून सगळं घर शेणानं सारवलं. शेजारणी म्हणाल्या, "अगं, पाणी येणार, कशाला सारवतीस?" तर ती म्हणाली, "घर पारोसं टाकून जाऊ व्हय?" मग सगळी मंडळी नागेश्वराच्या अंगानं चोरवण्याला उतरली. म्हणजे मी ज्या कड्यावरून पाहत होते, त्याच बाजूनं! वडलांच्या डोक्यावर भांडी, आईच्या कडेवर धाकटा भाऊ, आणि चुलत्याच्या खांद्यावर जात्याचा वरचा दगड. दोन्ही दगड एका खेपेत झेपेनात. खालचा दगड दुसऱ्या खेपेला आणायचं ठरलं. ती दुसरी खेप झालीच नाही.

आमच्या परसात, कपडे धुवायच्या दगडाशेजारी, अर्धं जातं पडून आहे. लग्न होऊन आल्यापासून मी ते पाहते. मधोमध भोक, कडेला खुंट्याची जागा. दोन-तीनदा भंगारवाल्याला, एकदा बाग करणाऱ्याला द्यायची गोष्ट निघाली, तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "असू दे, काही खायला मागतंय का?" माझी समजूत, जुन्या माणसांना काही टाकवत नाही, तसंच हे. बोटीत ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. मुलीनं मात्र सरळ विचारलं, "आजी, मग खालचा दगड अजून तिथंच असेल?"

आईंनी पाण्याकडे पाहिलं. "असंल की. दगडाला काय होतंय!"

१९६७ सालच्या डिसेंबरात पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला, तेव्हा त्या खाली वसाहतीत होत्या. भांडी फळीवरून पडली, सगळे बाहेर धावले. त्या वेळी त्यांच्या आईला म्हणे घराची नाही, वरच्या त्या घराचीच आठवण झाली. पाण्याखालचं घर पडलं असेल का, असं ती विचारत होती. हे सांगताना आई हसल्या. मला काही हसू येईना.

इतक्या वर्षांत त्या हे का बोलल्या नाहीत, असं मी रात्री त्यांना विचारलं. वाटलं होतं, दुःख होतं म्हणून, असं काहीसं म्हणतील. त्या कानटोपी नीट करत म्हणाल्या, "कुणाला सांगायचं? तुमच्यात माहेराची गोष्ट निघाली की तुम्ही म्हणायचात, चला पुढच्या रविवारी जाऊन येऊ. मी काय सांगणार, कुठं जाऊन येऊ?"

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी बाबांना आमचा पत्ता दिला आणि गुळपापडीचा उरलेला डबा डब्यासकट देऊन टाकला. तो माझ्या आईनं दिलेला चांगला घट्ट झाकणाचा डबा होता, पण असो. मग त्यांनी बाबांना विचारलं, पाणी सगळ्यात खाली कधी जातं? बाबा म्हणाले, मे महिन्यात. तेव्हा काठाकाठानं जोती उघडी पडतात, कुठं देवळाचे दगड दिसतात. पण पाऊस धरायच्या आत यायला हवं, एकदा जोर धरला की वाट बंद.

घाट उतरेपर्यंत आई गप्प होत्या. पोफळी मागं पडल्यावर मला म्हणाल्या, "सूनबाई, यंदा पापड-कुरडया एप्रिलातच उरकून टाकू. मे मोकळा ठेव."